काळ्या खिडकीतला रंग

"शिवयोगी, हा काठ डाळिंबी हाय का रे?" कारखान्याचे मालक मल्लप्पाअण्णांनी मागावरून नुकताच उतरलेला टॉवेल टेबलावर आपटला.

काठ गर्द हिरवा होता. शिवयोगींनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. आनंद लपवायला माणसाला एवढा वेळ लागतोच.

"हिरवा दिसतोय की, अण्णा. पण आता डिझाइन मॅडम करतात. मला म्हाताऱ्याला काय कळतंय?"

मॅडम म्हणजे मोहोळची वैजयंती. शिवयोगींचे केस कारखान्याच्या याच संगणकासमोर पांढरे झाले, तरी अण्णांचं 'अरे' काही सुटलं नव्हतं. वैजयंतीला मात्र पहिल्याच दिवशी 'मॅडम' आणि चहाला बशी मिळाली होती.

"अजून एक नमुना असा आला, तर मॅडम, मोहोळची एसटी रोज असती," म्हणून अण्णा निघून गेले.

"काका, माझ्या लॅपटॉपवर रंग बरोबर येतात. हितंच का बिघडतंय?" वैजयंतीनं विचारलं.

"नवं सॉफ्टवेअर हाय, बाई. रुळायला येळ लागतो."

खरं कारण त्यांना पहिल्याच हिरव्या काठाला कळलं होतं. कारखान्यात प्रत्येक प्रोग्रॅम संगणकाच्या पडद्यावरच्या शिवयोगींच्या काळ्या खिडकीतून, हुकूम टाइप करूनच सुरू करायचा, असा दंडक होता. त्या खिडकीत त्यांनी फार पूर्वी 'पॅलेट' या नावाखाली आपल्या रंगांच्या फोल्डरचा पत्ता लिहून ठेवला होता. तिथून निघणारा प्रोग्रॅम तो पत्ता शिदोरीसारखा बरोबर नेई. वैजयंतीचं सॉफ्टवेअरही नेमकं 'पॅलेट' याच नावानं रंग शोधायचं. शिदोरी उघडली, की आत शिवयोगींचे रंग!

हे सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. शिवयोगींनी तेवढ्या वेळात डबा उघडला. वैजयंती जेवायला उठली नाही. शेंगाची चटणी कधी नव्हे ती अळणी लागली. त्याबद्दल त्यांनी मनातल्या मनात बायकोला दोष दिला.

"सापडलं, काका! तुमचं 'पॅलेट' आणि माझं 'पॅलेट' भांडत होती."

शिवयोगींनी हातातला घास परत डब्यात ठेवला. "मग? पुसलंस माझं?"

"छे! तुमची जुनी डिझाइनं त्याच्यावरच चालतात की. मी माझ्या सॉफ्टवेअरला एवढंच सांगितलं, सुरू होताना त्या नावाकडं बघू नको."

"अण्णांस्नी काय सांगणार?"

"सेटिंग चुकली होती म्हणून. तुमचं नाव कशाला मधी?"

पोरगी भांडली असती, चहाडी केली असती, तर तिचा राग करायला काही तरी आधार राहिला असता. तेवढीही सोय तिनं ठेवली नाही.

संध्याकाळी डाळिंबी काठाचा टॉवेल आला. "मॅडम, जरा बाहेर या, उजेडात बघू," अण्णांनी दारातूनच हाक मारली. वैजयंती गेली.

शिवयोगींनी काळ्या खिडकीत 'पॅलेट'चा पत्ता विचारला. मशीननं ताबडतोब त्यांच्या फोल्डरचं नाव सांगितलं.

त्यांनी पुन्हा विचारलं. मशीननं पुन्हा, तितक्याच अदबीनं, तेच सांगितलं.