प्रश्न कुणी दिला

भाऊसाहेबांनी लिफाफा फोडला, कागद उलगडला, आणि पहिली ओळ वाचताच त्यांना दरदरून घाम फुटला. प्रश्न त्यांचाच होता.

म्हणजे विचारला होता विरोधी बाकांवरच्या आमदारबाईंनी, लेखी उत्तरासाठी. पण त्यातला शब्द न् शब्द भाऊसाहेबांनी गुपचूप त्यांना नेऊन दिलेला. सरकारी रुग्णालयातल्या बालविभागाचे छत धोकादायक असून ‘मुलांना तातडीने हलवावे’ असा अहवाल अभियंत्याने दिला, हे खरे आहे काय? असल्यास, मुलांना अद्याप का हलवले नाही? आणि सरकारच्या वतीने उत्तराचा मसुदा कुणी करायचा, तर खात्याचे कारकून म्हणून भाऊसाहेबांनीच! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यांची धाकटी बहीण त्या विभागात परिचारिका होती. “दादा, काल गिलाव्याचा ढलपा पाळण्यात पडला. बाळाला नुकतंच उचललं होतं रे,” असं ती सांगून गेली, तेव्हापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

साहेबांनी आत बोलावलं.

“‘हे खरे नाही’ असं लिहा. पहिल्याला नाही म्हटलं, की दुसऱ्याला ‘प्रश्न उद्भवत नाही’. तुम्हाला काय शिकवायचं!”

“पण साहेब, अहवाल आलाय आपल्याकडे.”

“आलाय. मी स्वीकारलाय कुठे?” साहेब चष्मा पुसत म्हणाले. “मला घोर वेगळाच होता. अहवालातलं वाक्य प्रश्नात जसंच्या तसं आलंय. तो कागद पाहिलेले आपण तिघंच. मी, तुम्ही आणि अभियंता.”

भाऊसाहेबांनी हातातला प्रश्नाचा कागद मिटला.

“तुम्ही बावीस वर्षांत कधी मान वर केली नाहीत. मग राहिला कोण? सकाळीच त्याच्या बदलीचा हुकूम काढला, पार दुसऱ्या टोकाला. सुंठीवाचून खोकला गेला.”

“तो तसा माणूस नाही हो, साहेब.”

“मसुदा चारपर्यंत द्या.”

खरं बोलावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर अभियंत्याच्या, आपल्याच मित्राच्या, गळ्याला फास. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! भाऊसाहेबांनी मसुदा टंकला, एकही चूक न करता. त्यांना स्वतःची किळस आली.

साडेतीनला अभियंता निरोप घ्यायला आला. रोज दुपारी दोघं डबा एकत्र खात. त्याने टेबलावरचा कागद उचलून वाचला आणि हसला.

“‘हे खरे नाही.’ तासभर शिडीवर चढून ठोकून पाहिलं होतं मी ते छत. मला भास झाला असेल!”

“अरे, मला तुला काहीतरी...”

“नको सांगूस. मला खोटं बोलता येत नाही, तेव्हा ठाऊक नसलेलंच बरं.” त्याने कागद जागेवर ठेवला. “प्रश्न ज्याने दिला तो भेटलाच कधी, तर त्याला सांग, पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारायला लाव म्हणावं. अहवालाचा आवक क्रमांक घालून. मग नाही म्हणता यायचं नाही त्यांना.”

“आणि तो पकडला गेला तर?”

“आता कशाला पकडताहेत? आळ माझ्यावर आलाय ना. तिकडे बसून मीच पुरवतोय म्हणतील.” त्याने भाऊसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. “त्याला म्हणावं, आता घाबरू नकोस.”

तो जिना उतरून गेला. भाऊसाहेब मसुदा घेऊन आत गेले. साहेबांनी न वाचताच सही ठोकली.

पुढचं अधिवेशन चार महिन्यांनी होतं. बहीण आज पाचला ड्युटीवर जाणार होती.