मागच्या भिंतीतलं दार

उलिसेस बेरुत्तींनी मेर्सेदेस गावात चाळीस वर्षं भिंती उभ्या केल्या, पण बांधकाम परवान्याच्या खिडकीपाशी ते कधी गेले नव्हते. तो व्याप घरमालकांचा, असं म्हणून ते मोकळे होत. आता मात्र प्रश्न त्यांच्या स्वतःच्या भिंतीचा होता.

त्या भिंतीपलीकडे एलिदा राहायच्या. दोघांची अंगणं पाठीला पाठ लावून, पण घरांची दारं दोन वेगळ्या रस्त्यांवर. उलिसेसची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. एलिदांचे यजमान त्याच्याही आधी गेले. गेले तीन हिवाळे उलिसेस रोज दुपारी थर्मास काखेत मारून, अख्ख्या वस्तीला वळसा घालून, एलिदांकडे येर्बाचा कडू चहा प्यायला जात. यंदा जुलैतल्या थंडीपावसात ओल्या फरशीवर त्यांचा पाय मुरगळला आणि तीन आठवडे जाणं बंद पडलं. पाय जरा टेकवता येताच त्यांनी छन्नी-हातोडा काढला, मागच्या भिंतीवर खडूने दार आखलं आणि पहिला घाव घातला.

"परवाना कुठाय?" पलीकडून एलिदांनी विचारलं.

एलिदांनी शाळेच्या कचेरीत तीस वर्षं काढली होती. सही-शिक्क्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. उलिसेस भिंतीशी तोंड नेऊन समजावत राहिले की दोन दिवसांचं तर काम, रस्त्यावरून कुणाला दिसणारही नाही. तेव्हा एलिदा शाल गुंडाळून, वळसा घालून, त्यांच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

"दिसणार नाही म्हणूनच नको," त्या म्हणाल्या. "या वयात मला चोरदार नको, उलिसेस. कागदावर येणार असेल तर पाडा भिंत."

उलिसेसनी हातोडा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी एलिदा नगरपालिकेत चौकशी करून आल्या. रंग लावा, फरशी बदला, नळ बदला, त्याला कुणी विचारत नाही. पण भिंतीला हात लावायचा तर परवाना हवा. आणि भिंत सामाईक, म्हणून दोन्ही मालकांच्या सह्या हव्यात. नकाशा उलिसेसच्या ओळखीतल्या एका आर्किटेक्टने काढून दिला, निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या जेवणाच्या बदल्यात.

अर्ज घेऊन दोघं बरोबरच गेले. खिडकीवरच्या यानिना नावाच्या मुलीने सगळं तपासलं आणि एका रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. दार कशासाठी, ते लिहिलं नव्हतं. उलिसेसनी पाऊस सांगितला, निसरडी फरशी सांगितली, पायाचं दुखणं सांगितलं.

"दोन्ही घरं एक करणार असाल," यानिना म्हणाली, "तर अर्ज वेगळा असतो, आजोबा."

उलिसेसचे कान लाल झाले. ते छताचा गिलावा निरखत बसले. एलिदांनी पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं, 'एकमेकांकडे जाण्यायेण्यासाठी.' खाली सही केली आणि कागद उलिसेसपुढे सरकवला. उलिसेसनी ती ओळ दोनदा वाचली आणि सही केली.

परवाना यायला पाच आठवडे लागले. मग जे काम उलिसेस दोन दिवसांत उरकणार होते, त्याला त्यांनी बारा दिवस लावले. दारावर भिंतीचा भार पेलणारा काँक्रीटचा लिंटल असा घातला की तपासणीला आलेल्या माणसाने त्यावर हात फिरवला आणि तिथल्या तिथे शिक्का मारला. रंग एलिदांनी निवडला, हिरवा.

दार उघडलं त्या सकाळी उलिसेस दाढी करून, इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून पलीकडे गेले. एलिदा गाऊनवर स्वेटर चढवून पाणी तापवत होत्या. त्यांनी उलिसेसना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"कुणाकडे आलात?" त्या म्हणाल्या. "जा, सपाता घालून या."

उलिसेस आज्ञाधारकपणे परत गेले आणि जुन्या, टाचेला फाटलेल्या सपाता घालून आले. पाणी अजून तापायचं होतं.