आक्काबाईंचा तांब्या

आक्काबाईंनी पितळी तांब्या पुढं धरला आणि हौसरावांचा हात निम्म्या वाटेत अडला.

"घ्या की पानी. चिखल तुडवत आलाय."

हौसरावांनी खांद्यावरच्या प्लॅस्टिकच्या बादल्या खाली ठेवल्या. भीमेचा पूर ओसरला होता, पण समोरच्या बुद्धविहाराच्या भिंतीवरची त्याची रेघ अजून ओली होती. पुण्याच्या एका संस्थेनं घरोघर गाळण्या वाटायला काढल्या होत्या: बादलीवर बादली, वरचीत पांढऱ्या मातीची कांडी, खालचीला तोटी. कुरकुंभच्या कंपनीतून रिटायर झालेल्या हौसरावांचं काम एवढंच, की गढूळ पाणी गाळायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, अर्धा तास थांबायचं आणि लोकांसमोर पिऊन दाखवायचं. पाणी पिण्याचा पगार मिळणारा दौंड तालुक्यातला हा बहुधा एकटाच माणूस.

घोळ असा, की दारात पाऊल टाकलं की लोक आधी तांब्या आणून देत, आणि हौसरावांना नाही म्हणता येत नसे. बायको सोजराबाई गेल्यापासून यवतच्या घरी त्यांना आपणहून पाणी द्यायला कुणी उरलं नव्हतं. या पाहुणचारापायीच उन्हाळ्यात शिरूरकडच्या टँकरच्या गावांत त्यांना कावीळ झाली. गाळणीचा प्रचार करणाऱ्यालाच कावीळ, ही बातमी संस्थेनं काही छापली नाही. आज सकाळीही सरपंचांच्या ओट्यावर त्यांनी तांब्या रिकामा केला, तेव्हा संस्थेच्या प्राची मॅडमनी जीपमध्ये बजावलं, "मामा, पुन्हा न गाळलेलं पाणी पिताना दिसलात, तर घरी बसायचं."

घरी बसणं ही केवढी शिक्षा आहे, याची मॅडमना कल्पना नव्हती.

"नगं आक्का," हौसराव म्हणाले, "कावीळ झाली व्हती मला."

"व्हय का?" आक्काबाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्या दारात आलं की लई जनांना व्हती कावीळ. सकाळी सरपंचाच्या वट्यावर घटाघटा पीत व्हता. तवा बरी व्हती जनू!"

हौसरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते पाटलांच्या घरातले. त्यांच्या काविळीला डॉक्टरचा दाखला होता. पण आक्काबाई जिच्याबद्दल बोलत होत्या, ती हौसरावांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. तिच्यावर दाखला चालत नव्हता.

तांब्या मागं फिरला.

"थांबा. द्या हिकडं." त्यांनी तांब्या घेतला आणि वरच्या बादलीत ओतला. "तुमचंच पानी. गाळतो आन् पितो."

"कवर लागंल?"

"लागंल वाईच."

आक्काबाईंनी पोतं अंथरलं. दोघं बादल्यांकडं बघत बसली.

"घरी कोन हाय तुमच्या?"

"ही असलीच येक गाळणी हाय."

"बोलती का?"

"ठिबकती."

"मंग बरं हाय. आमचं म्हातारं ठिबकतबी नव्हतं."

हौसराव हसले. कुणाबरोबर हसून बरेच दिवस झाले होते. पाणी खाली जमलं, त्यांनी थेंब टाकले, आणि जीपचा हॉर्न वाजला. पाठोपाठ मॅडमच आल्या.

"मामा, चला. अजून दोन गावं व्हायचीत."

"औषधाला अर्धा तास लागतो, मॅडम."

"अहो, इथं बघायला लोक तरी आहेत का?"

"ह्या हायेत की."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "मग बसा. पण उद्यापासून येऊ नका."

जीप गेली. नियम मोडला असता तर नोकरी जाणारच होती, पाळल्यावरही गेली.

"गाडी गेली की वं," आक्काबाई म्हणाल्या.

"जाऊ द्या. यष्टी हाय."

वेळ झाली तशा आक्काबाई उठल्या. तांब्या राखेनं घासला, त्याच गाळलेल्या पाण्यानं विसळला, तोटीखाली भरला आणि पुन्हा पुढं धरला. हौसरावांनी दोन्ही हातांनी घेतला आणि तळ दिसेपर्यंत प्याले.

"औषधाचा वास येतुय का?"

"येतुय."

"आनखी?"

"द्या."

संध्याकाळी यवतला त्यांनी कुलूप काढलं. वरच्या बादलीत पाणी ओतलं आणि चपला न काढताच उंबऱ्यावर येऊन टेकले, पाहुण्यासारखे. आत ठिबकायला लागलं.