एक कडी कमी पडली

मी चांदीचा कंठा बोलतोय. मला नटवण्यासाठी नव्हे, झाकण्यासाठी घडवलं.

झाल्सबुर्गच्या डोंगरांतल्या एका खोऱ्यात क्रेसेन्झ नावाची शेतकरीण होती. तिच्या गळ्याला गलगंड होता. तिथल्या कितीतरी बायांना असायचा, म्हणून सोनार रुंद कंठेच घडवत. पुष्कळ सर, पुढे नक्षीचा आकडा. रविवारी चर्चला जाताना क्रेसेन्झ मला घाली आणि मान ताठ ठेवी. गाठ वाढली की सोनार मला एक कडी जोडून देई. कारण कुणी विचारत नसे.

तिचा थोरला मुलगा बार्टल. पाळण्यात असताना ती माझे सर त्याच्या कानाशी वाजवायची. त्याने कधी मान वळवली नाही. आयुष्यभर एक शब्द बोलला नाही. देवाची मर्जी, असं लोक म्हणत. मर्जी कसली! त्या डोंगरांच्या मातीत आणि पाण्यात आयोडीनच नव्हतं; म्हणून आईचा गळा फुगे आणि पोटातलं मूल कधी बहिरं निपजे.

पुढे सरकारने मिठात ते घालायला लावलं. धाकट्या लेकीची, रोझिनाची, मान स्वच्छ राहिली. सोनाराने माझ्या जादा कड्या काढल्या आणि मी नुसता दागिना झालो. लोक म्हणत, काय देखणा कंठा! कशासाठी घडला, हे विसरून गेले.

रोझिनाची लेक लेनी शहरात नोकरी करते. तिच्या लग्नात मी तिच्या गळ्यात नीट बसलो होतो. त्यानंतर तिने खाणं शुद्ध करायचं ठरवलं. दूध बंद, मासे बंद, अंडी बंद. माहेरी येताना स्वतःचं गुलाबी मीठ पिशवीत घेऊन यायची.

"आई, तुझ्या मिठात रसायन घालतात."

"तेच खाऊन तू एवढी झालीस," रोझिना म्हणायची.

लेनी दमलेली असे. उन्हाळ्यातही अंगात लोकरीचं जाकीट. केस गळत. ऑफिसचा ताण, दुसरं काही नाही, म्हणे. ताट तर रंगीत भाज्यांनी भरलेलं. उणीव दिसणार कुणाला?

गेल्या सप्टेंबरात ती आली. दिवस गेले होते, तिसरा महिना. गाई फुलांनी सजून डोंगरावरून गावात उतरायचा सण होता. रोझिनाने मला घासून लखलखीत केलं आणि लेकीच्या गळ्यात घातलं.

आकडा लागेना.

"जाड झालीस की काय गं?"

"छे! चांदी आटली असेल."

"चांदी काय लोकर आहे आटायला? मान वर कर."

"राहू दे ना आई. सोनाराकडून एक कडी वाढवून घेऊ."

रोझिनाचा हात माझ्यावर तसाच थांबला. हे वाक्य तिने लहानपणी ऐकलं होतं, तिच्या आईच्या तोंडून. तिने मला काढून टेबलावर ठेवलं आणि लेनीच्या गळ्यावर बोटं टेकवली.

"आवंढा गिळ."

बोटांखालून काहीतरी गाठीसारखं वर सरकलं.

"गाडीत बस."

"अगं, मिरवणूक सुरू होईल!"

"गाई आपापल्या उतरतील. तू बस."

संध्याकाळी दोघी परतल्या, तेव्हा मी टेबलावरच होतो. त्यांच्या बोलण्यातून कळलं, आयोडीन कमी पडलं होतं. गोळ्या सुरू झाल्या. बाळाचं काय, असं लेनीने विचारल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वेळेत आलात, बाकी आत्ता सांगता येणार नाही.

"बार्टलमामा जन्मापासूनच तसा होता?" लेनीने विचारलं.

"हो."

"आजीच्या गळ्यामुळे?"

रोझिनाने गुलाबी मिठाची पुडी उचलली आणि कचऱ्यात टाकली. लेनी बघत राहिली. मग तिनेच डब्याचं झाकण लावलं.

आता मी पेटीत आहे, आकडा उघडा ठेवून. वसंतात मूल येईल. माझं मागणं एवढंच. मला पुन्हा कडी जोडू नका. मूल आलं की माझे सर त्याच्या कानाशी वाजवा. ते मान वळवतं का, ते मला बघायचंय.