आरतीची कापलेली तार

सुतक हा शब्द मुळात जन्माच्या बाजूचा आहे. संस्कृतात 'सूतक' म्हणजे मूल जन्मल्यावर पाळायचे अशौच. मराठीत त्यासाठी 'सोयर' रूढ झाला आणि 'सुतक' मृत्यूच्या वाट्याला आले. गाडीला या दोहोंतले काहीच लागत नाही, असे मानतात. मला मात्र एकदा तेरा दिवसांचे सुतक लागले आणि ते पाच वर्षे फिटले नाही.

मी सतरा वर्षांची मालवाहू पिकअप बोलते आहे. रावेरजवळच्या एका खेड्यात सुकदेवनानांच्या दारात मी उभी असते. मळ्यातून केळीचे घड पॅकिंग शेडवर पोचवायचे, एवढेच माझे आयुष्य. माझा मूळ रंग पांढरा. केळीच्या चिकाने तो जागोजागी काळवंडला आहे. चाकांवरचे स्प्रिंगपाटे थकले आहेत. चढ आला की नाना हळूच म्हणत, "चाल बाई," आणि मी चाले.

माझ्या पहिल्या दसऱ्याला नानांचा मुलगा प्रेमराज याने मागे घेण्याच्या दिव्याच्या तारेला एक भोंगा जोडला. मागे सरताना दिवा लागे आणि आरतीची चाल वाजे. चाल त्याच्या आईने, कमलबाईंनी, निवडली होती. शेडवर घड धुणाऱ्या कोकिळाअक्का मोठ्याने विचारत, "नाना, गाडी मांगे येऊ राह्यली का देव?"

"दोन्ही," नाना म्हणत. "बाजूले सरा."

पाच वर्षांपूर्वी कमलबाई गेल्या. तिसऱ्याच दिवशी माल भरणे भाग होते, कारण कापणीला आलेली केळी कोणासाठी थांबत नाही. किल्ली लावता लावता नाना थबकले. "सुतकात आरती कशी वाजवावं, प्रेमराज?"

प्रेमराज विळा घेऊन माझ्याखाली शिरला. तो रडत होता. भोंग्याची तार तोडायची, ती त्याने मूळ तारच तोडली; भोंगाही गेला आणि दिवाही. तेराव्यानंतर त्याने मूळ तारेची टोके पिळली आणि वर काळी पट्टी गुंडाळली. भोंगा पुन्हा जोडला नाही. आईने निवडलेली चाल त्याला ऐकवेना.

धुतलेल्या क्रेटांचे पाणी आणि चीक माझ्या फळ्यांतून ठिबकत राहिले, ते नेमके त्या सांध्यावर. मग दिवा त्याला वाटेल तेव्हा लागू लागला. दोनदा बल्ब बदलला, एकदा फ्यूज. मागे सरताना खड्ड्यात आदळले की तो आपोआप लागे. म्हणून जो तो बल्ब सैल आहे असे म्हणून पुढे जाई.

गेल्या पौषातली गोष्ट. दिवस मावळला होता. नाना मला शेडच्या माल उतरवायच्या धक्क्याकडे मागे घेत होते. दिवा लागला नाही. धक्क्याच्या काठावर वाकलेल्या कोकिळाअक्का त्यांना दिसल्या नाहीत. माझा मागचा फळका अक्कांना लागला, त्या पडल्या, उजवे मनगट मोडले. त्याच क्षणी मी धक्क्यावर आदळले आणि त्या हादऱ्याने दिवा लख्ख लागला.

धावत आलेल्या प्रत्येकाने तो जळता दिवा पाहिला.

"दिवा तं लागेल आहे, नाना," शेडचे तोताराम म्हणाले. "तुमाले दिसलं नाई का?"

पुढे नानांनी रावेरला डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर होता तोच निघाला. "मशीनले काय समजते?" असे गाव म्हणाले, आणि दुर्दैवाने नानांनाही ते पटले. त्यांनी माझी किल्ली कमलबाईंच्या तसबिरीपुढे ठेवली. तेव्हापासून प्रेमराज मला चालवतो आणि मी दारातून निघाले की नाना ओट्यावर मान फिरवून बसतात. चार महिने मी ती फिरवलेली मान पाहिली. तेवढे ओझे मी कुठल्याच मळ्यातून वाहिले नव्हते.

मग पासिंगची मुदत आली आणि दिवा दुरुस्त करणे भाग पडले. प्रेमराजने मला जळगावला, पिंप्राळ्यातल्या बन्सीलाल वायरमनकडे नेले.

"बल्ब सैल राहतो," प्रेमराज म्हणाला.

"बल्ब सैल आहे म्हणणारे दिवसाला चार येतात. बस तिकडे."

बन्सीलालांनी आधी फ्यूज पाहिला. मग माझ्याखाली सरकून मागचा गिअर टाकला की दिवा लावणाऱ्या, गिअरपेटीवरच्या बटणाच्या दोन्ही तारा काढून एकमेकींना टेकवल्या. दिवा लागला नाही. म्हणजे दोष बटणात नव्हता, पुढे तारेत होता. मग चाचणीचा छोटा दिवा घेऊन ते तारेवरून वीतवीत मागे सरकले. "इथं वीज आहे. इथंही आहे." मागच्या चाकाशी ते थांबले. "इथं नाही."

काळी पट्टी सोलली. आत तांबे हिरवे पडले होते. बोट लावताच भुगा झाला.

"हे कोणी जोडलं?"

"मी."

"आदळल्यावर लागत असेल दिवा."

प्रेमराजने विचारले, "आदळल्यावर लागला, म्हणजे आदळायच्या आधी..."

"आधी कसा लागणार, भाऊ? आदळला म्हणूनच तर लागला."

नवी तार घालून, सांधा डाख देऊन पक्का केला. जुना तुकडा प्रेमराजने खिशात घातला. वाटेत त्याने एकदाही गाणी लावली नाहीत.

ओट्यावर त्याने तो हिरवा तुकडा नानांच्या तळहातावर ठेवला आणि सारे सांगितले. नाना तुकडा उलटसुलट करत राहिले.

"तू त्या दिशी रडत व्हता," ते अखेर म्हणाले. "मले विळा दिसला, हात नाई दिसला. मीच काढाले पायजे व्हता भोंगा." थोड्या वेळाने म्हणाले, "कोकिळाले सांग आधी. तिचा हात मोडला."

मग ते आत जाऊन किल्ली घेऊन आले. माझ्यात बसले आणि गिअर मागचा टाकला.

"लागला का?"

"लागला, नाना."

त्यांनी मला वीतभरही मागे घेतले नाही. नुसते बसून राहिले, अंगणाच्या भिंतीवर पडलेला उजेड आरशात पाहत. आता आठवड्यातून एखादी खेप ते करतात. मीही थकले आहे. आम्ही दोघे सावकाश जातो.

शेडवर ही हकीकत अजून सांगितली जाते आणि अजून चुकीचीच सांगितली जाते. काही म्हणतात, म्हाताऱ्याची नजर गेली होती. ज्यांनी नवी बातमी ऐकली ते म्हणतात, पोराने निष्काळजीपणा केला. दोन्ही पाठ अशुद्ध आहेत. नजर शाबूत होती. दिवा जळत नव्हता. आणि ती तार निष्काळजी हाताने कापलेली नव्हती. आईच्या सुतकात आरती वाजू नये म्हणून ती कापली होती. माझी विनंती एवढीच: सांगायचेच असेल, तर एवढे सुधारून सांगा.