काठावरून शिकवलेलं पोहणं

"दोन्ही गुडघे? रोज? आणि बरोबर त्याच जागी?"

बायकोने मलमाची ट्यूब हातातच धरून ठेवली. पंपकाका पायजमा वर करून खुर्चीवर बसले होते आणि सगळा दोष पंपाच्या खोलीतल्या फरशीचा असल्यासारखा चेहरा करून होते.

"ओलं असतं तिथे. घसरतो."

"सव्वीस वर्षांत घसरला नाहीत, आणि या आठवड्यात चारदा?"

काकांनी हात टेकले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. आयुष्यात एकच खोटं जमलं होतं, आणि ते चांगलं वीस वर्षं टिकलं होतं.

पोहण्याच्या टँकचे पंप, गाळण्या, औषध, सगळं काकांकडे. पंपाचा आवाज जरा घोगरा आला की हातातला घास खाली ठेवून उठणारा माणूस. टँकमधली एकूण एक टाइल त्यांच्या ओळखीची. मधल्या रांगेतली एक टाइल बाकीच्यांपेक्षा गडद निळी आहे, ती त्यांनीच बसवलेली. टँक रिकामा केला की तळ घासायला ते आत उतरत. भरलेल्या टँकमध्ये मात्र कधीच नाही. कारण साधं होतं, काकांना पोहता येत नव्हतं.

तरी लेकीला पोहायला त्यांनीच शिकवलं. ती सहा वर्षांची होती. काका पॅन्ट दुमडून काठावर उभे राहायचे, पानं काढायच्या जाळीचा लांब दांडा तिच्यापुढे धरायचे आणि वर्षानुवर्षं कानावर पडलेलं सगळं ज्ञान तिच्यावर ओतायचे. "हात लांब! पाण्याशी भांडू नकोस!" पोरगी पोहायला लागली. बाहेर आली की काका तिला बाकावर बसवायचे, पायाची बोटं एकेक करून पुसायचे आणि मगच मोजे चढवायचे. "ओल्या पायात बूट घातले की फोड येतात."

"बाबा, तू का नाही येत पाण्यात?"

"ड्युटीवर असताना परवानगी नाही गं."

एवढंच ते खोटं.

आता लेक सव्वीस वर्षांची. हाडांच्या दवाखान्यात लोकांकडून व्यायाम करून घेते, आणि तीन महिन्यांनी नोकरीसाठी दूर चाललेली. जाण्याआधी तिने शहराबाहेरच्या तळ्यावरच्या ट्रायथलॉनमध्ये दोघांची नावं घातली. नवशिक्यांचा गट. दोनशे मीटर पोहणं, दहा किलोमीटर सायकल, दोन किलोमीटर धावणं. "ज्याने शिकवलं त्याच्याबरोबर एकदा तरी पोहायचंय मला," ती म्हणाली. सायकल काकांच्या रोजच्या सवयीची होती. धावणंही कसंबसं रेटता आलं असतं. पण पोहणं?

म्हणून गेले पाच दिवस काका टँक उघडायच्या आधी जाऊन लहान मुलांच्या उथळ टँकमध्ये हातपाय मारत होते. पाणी मांडीपर्यंत. प्रत्येक हाताला गुडघे तळावर खरचटत होते.

सगळं ऐकून बायको आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "अहो, सांगून टाका तिला."

"काय सांगू? की बापाने वीस वर्षं फसवलं? तिला केवढा अभिमान आहे माझा!" जाताना पोरीच्या मनात आपली एवढीच ओळख शिल्लक राहील, याचीच त्यांना धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोठ्या टँकच्या काठावर बायको स्वतः दांडा घेऊन उभी होती. पुढचे सात आठवडे काका पाणी प्यायले, खोकले, दांड्याला लटकले आणि शिव्याही खाल्ल्या. हळूहळू जमू लागलं. खाली बघत पोहायचं. गडद टाइल आली की अर्धी फेरी झाली. शेवटच्या गुरुवारी आठ फेऱ्या न थांबता झाल्या, तेव्हा बायकोने दांडा टाकून टाळ्या वाजवल्या.

शर्यतीच्या सकाळी लेकीने त्यांच्या कमरेला पट्ट्याने एक नारिंगी फुगा बांधला.

"हा कशाला?"

"नियम आहे. सक्तीचा."

काठावर दीडशे माणसं होती आणि फुगा फक्त काकांना होता. लोक सर्रास नियम मोडतात, असं वाटून काकांना वाईट वाटलं.

शिट्टी झाली. पहिली पन्नास-साठ हातांची मजल ठीक गेली. मग सवयीने त्यांनी खाली पाहिलं, तर खाली काहीच नव्हतं. टाइल नाही, तळ नाही, नुसता हिरवा अंधार. हात आखडले, तोंडात पाणी गेलं. काठ कुठे आहे तेच कळेना. त्यांनी फुगा घट्ट कवटाळला. माणसं भराभर पुढे निघून गेली.

"बाबा." आवाज अगदी शेजारून आला. लेक पुढे गेलीच नव्हती. "खाली बघू नको, माझ्याकडे बघ. श्वास घे. आता हात लांब. पाण्याशी भांडू नकोस."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती वाट बघत होती, वीस वर्षांपूर्वी ते बघायचे तशी.

त्यांनी फुगा सोडला. हात लांब केला.

दोघं पाण्याबाहेर आली ती सगळ्यांच्या शेवटी. सायकलींच्या रांगेत दोनच सायकली उरल्या होत्या. काका धापा टाकत बाकावर बसले.

"एक सांगायचं होतं गं. मला पोहता..."

"गुडघे बघितले होते मी, बाबा. पहिल्याच आठवड्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"तू शिकत होतास ना."

काका घाईघाईने बूट ओढायला लागले. तिने ते हातातून काढून घेतले, समोर मातीत बसली, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि टॉवेलने बोटं पुसू लागली. एकेक करून.

"अगं, घड्याळ चालू आहे."

"चालू दे," ती म्हणाली. "ओल्या पायात बूट घातले की फोड येतात."

आणि तिने दुसरा पाय पुसायला घेतला.