वाळा लावलेला कॉम्प्युटर

धुळ्याचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे माणसाला जागेपणी स्वप्नं दाखवणारं ऊन. दुपारी एकनंतर रस्ते पाण्यासारखे हलायला लागतात, कुत्री भुंकायचं काम उद्यावर टाकतात आणि घराघरातून एकच घरघर येत राहते, कूलरची. त्या घरघरीत मोहिनी लहानाची मोठी झाली. तिचे वडील बन्सीलाल, म्हणजे सगळ्या गल्लीचे नाना, पत्र्याचे कूलर बनवायचे. चाळीस वर्षं बनवले. मग प्लास्टिकचे हलके, गुळगुळीत कूलर आले आणि चार वर्षांपूर्वी नानांनी हातोडी खाली ठेवली. तेव्हापासून ते ओसरीवर बसून समोर बघत असायचे. काय बघायचे ते त्यांनाच ठाऊक.

नानांनी मोहिनीला पत्र्याला कधी हात लावू दिला नाही. "हाई पोरीस्नं काम नही, बोट कापाई जाई," म्हणून आपल्या दुकानाच्या दारातूनच पिटाळायचे. ती आपली उंबऱ्याबाहेर उभी. पत्रा कसा दुमडायचा, घडीवर हातोडी किती हलकी फिरवायची, हे सगळं तिने नुसत्या डोळ्यांनी चोरलं. पुढे ती कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागली आणि नानांच्या लेखी विषय संपला.

मागच्या उन्हाळ्यात दुकानात गिऱ्हाईक नसताना तिचा डोळा लागला. तिला नानांचा कूलर दिसला. तिन्ही बाजूंना वाळ्याचे पडदे, पुढे झडपा, पण आत पाण्याऐवजी निळा उजेड, आणि तो उजेड वाळ्यातून झिरपत होता. जाग आली तरी तो उजेड काही जाईना. स्वतःचा कॉम्प्युटर तिला करायचाच होता, आणि आता तो कशात बसवायचा तेही कळलं होतं.

सामान गोळा करायला वर्ष गेलं. मदरबोर्ड बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतला. पॉवर सप्लाय आणि तीन पंखे जळगावच्या चिंधा भंगारवाल्याकडचे. त्याने ते किलोवर दिले आणि वर चहा पाजला. पत्रा मात्र घरचाच, नानांनी अर्धवट सोडलेल्या शेवटच्या कूलरचा. दर रविवारी नाना भाजीबाजारात गेले की ही पत्रा कापायला बसायची. बोट दोनदा कापलं. घडी पाच वेळा बिघडली, सहाव्यांदा बसली. वाळाही तिने खराच लावला, कोरडा. धूळ अडवायला तो फार चांगला. गुडघ्याएवढ्या उंचीचा, आकाशी रंगाचा कूलर तयार झाला, आणि त्याच्या पोटात कॉम्प्युटर.

तिला एवढंच हवं होतं की नानांनी तो बघावा आणि म्हणावं, जमलं. बस्स. बाकी जगाने वाहवा केली काय, न केली काय.

मंगळवारी सकाळी तिने तो मधल्या खोलीत खिडकीपाशी लावला. एवढ्या उन्हात दिवसभर चालून तापतो का, ते बघायचं होतं. स्क्रीन काढून ठेवली, पंखे चालू ठेवले, आणि नानांना मुद्दामच काही सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांना खुर्चीत बसवून दाखवायचं, असं तिने मनात दहादा रंगवलं होतं.

सहा वाजता ती घरात शिरली तर वाळ्याचा ओला, गार सुवास दारापर्यंत आला होता. क्षणभर ती लहान झाली. शाळेतून आलेय, नाना आत आहेत, सगळं ठीक आहे असं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं. तिने वाळ्यावर पाणी घातलंच नव्हतं.

नाना जमिनीवर बसले होते. शेजारी रिकामा तांब्या.

"तुना कूलर बंद पडना," ते अपराधी आवाजात म्हणाले. "इतला उन्हमा कोरडा कूलर कोनी चालू ठेवस का? मी दोन तांब्या पाणी टाकं. फट करी आवाज व्हयना आन् बंदच."

मोहिनीने मागचा पत्रा काढला. मदरबोर्डवरून पाणी ठिबकत होतं, आणि जळका वास होता. वर्ष गेलं होतं त्यात. तिला संताप आला, इतका की आवाज चिरकला.

"नाना, हाऊ कूलर नही शे! कॉम्प्युटर शे हाऊ!"

नाना वाकून आत बघत राहिले. तारा, पंखे, हिरवी पट्टी. मग पुन्हा बाहेरून बघितलं. झडपा. वाळा. सगळ्या गल्लीत पत्र्याला नुसता हात लावून कारागिराचं नाव सांगणारा हा माणूस. तो खोल आवाजात म्हणाला, "म्हणजे, मी फसनू?"

नानांनी कोपऱ्यातल्या घडीवरून अंगठा फिरवला, वरून खाली, पुन्हा खालून वर.

"घडी कोनी मारी?"

"मी."

ते त्या घडीवरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत राहिले. खिडकीतून येणारा वारा ओल्या वाळ्यातून गार होऊन दोघांच्या तोंडावर येत होता. मोहिनीचा राग कधी उतरला ते तिलाही कळलं नाही. मग नानांनी कूलर आडवा केला, बूड तपासलं आणि एकदम कपाळाला आठ्या घातल्या.

"पाणी निंघाले भोक कोठे शे?"

"नाना, याले पाणी लागत नही."

"भोक पाह्यजे. बिनभोकनं काम आपला दुकानमाईन बाहेर जास नही."

आपल्या दुकानातून. मोहिनीने ते शब्द मनात पुन्हा एकदा म्हणून बघितले आणि तिला इतका आनंद झाला की रडूच आलं. जळलेला मदरबोर्ड तिने बाजूला काढून ठेवला. दुसरा शोधायला पुन्हा वर्ष जाईल, गेलं तर जाऊ दे. नाना तोवर गिरमिट घेऊन आले होते आणि बुडाच्या मधोमध खडूने खूण करत होते. कॉम्प्युटरला त्या भोकाचा काडीचा उपयोग नव्हता. मोहिनीने समोर बसून पत्रा दोन्ही हातांनी घट्ट धरला.